शेतकऱ्यांचीं मुलें व संगणकाचा धंदा

ह्या मासिकांत बी-बियाणें, खतें, पाणी व बाजारभाव यांचा विचार नेहमींच होत असतो. आज जो विषय मांडावयाचा आहे तो वरवर पाहतां शेतकीबाहेरचा वाटेल. परंतु शेतकऱ्याच्या घरांतील पैसा हल्लीं ज्या कामीं खर्च होतो, व कित्येकदां व्यर्थही जातो, त्यांपैकीं हें एक असल्यामुळें त्याचा ऊहापोह येथें करणें अप्रस्तुत होणार नाहीं.

कृषिगणनेप्रमाणें सन १९७०-७१ मध्यें महाराष्ट्रांतील वहितीचें सरासरी खातें ४.२८ हेक्टरांचें होतें. सन २०१५-१६ च्या गणनेंत तें १.३४ हेक्टरांवर आलें. म्हणजे आजोबांच्या वेळीं ज्या खात्यावर एक कुटुंब नांदत होतें, त्याच्या तिसऱ्या हिश्शाहूनही कमी जमिनीवर आज एक कुटुंब उभें आहे. अशा स्थितींत दोन मुलांपैकीं एकानें शेती पाहावी व दुसऱ्यानें नोकरीधंद्यास लागावें, असा विचार बहुतेक घरांतून होतो; आणि पुण्याच्या आसपासच्या तालुक्यांत तर तो विचार बहुधा ‘मुलाला आयटींत घालावें’ येथें येऊन थांबतो. मुलगा किंवा मुलगी पदवीधर झालेली असते, परंतु गणिताची वा कोड लिहिण्याची विशेष गति तिला नसते. मग घरांत दोन मतें ऐकूं येतात. एक असें कीं, ज्यास कोड लिहितां येत नाहीं त्यास ह्या धंद्यांत पाय ठेवण्यास जागा नाहीं. दुसरें असें कीं, एखाद्या क्लासांत लाख-दीड लाख रुपये भरले म्हणजे सहा महिन्यांत नोकरी ठरलेलीच. हीं दोन्ही मतें चुकीचीं आहेत. आणि दुसऱ्यापायीं जमिनीवर बोजा चढण्याचा संभव असल्यामुळें तें अधिक घातक आहे.

मंडईचा दाखला

पुण्याची महात्मा फुले मंडई आमच्या बहुतेक वाचकांच्या परिचयाची आहे. सन १८८६ मध्यें ‘रे मार्केट’ ह्या नांवानें ती सुरू झाली. तिच्या इमारतीवर पैसा खर्च होऊं लागला तेव्हां नगरपालिकेचे सभासद असलेल्या जोतीराव फुले यांनीं त्यास विरोध केला होता. तो पैसा लोकांच्या शिक्षणाकडे लागावा असें त्यांचें म्हणणें होतें. पुढें त्याच मंडईस त्यांचें नांव मिळालें. घाऊक व्यापार गुलटेकडीच्या मार्केट यार्डांत गेला, किरकोळ विक्री मात्र जुन्या जागीं राहिली. आणि २९ सप्टेंबर २०२४ रोजीं मंडईचें भुयारी मेट्रो स्थानकही सुरू झालें.

ह्या मंडईंत वांगीं विकण्यास बसलेल्या माणसानें तीं पिकविलेलीं नसतात. त्यास नांगर धरतां येतो कीं नाहीं हें कोणी गिऱ्हाईक विचारीत नाहीं. तरी पण वांग्याचा ताजेपणा, देंठाचा रंग, आंतील कीड, भरतासाठीं कोणतें आणि भरल्या भाजीसाठीं कोणतें, हें त्यास न कळेल तर गाळ्यावर आठ दिवसही निभाव लागणार नाहीं. पिकविणें हें एक काम, आणणें दुसरें, पारखणें तिसरें, विकणें चौथें, हिशेब ठेवणें पांचवें. हीं सर्व कामें भाजीच्याच धंद्यांतील होत. संगणकाच्या धंद्यांतही अशीच वांटणी आहे; फक्त ती डोळ्यांना दिसत नाहीं, म्हणून कोड लिहिणारा तेवढाच त्या धंद्यांतला, असा समज होतो.

ही वांटणी समजण्यास मंडईच्या गाळ्यावरीलच एक वस्तु घेऊं. सन २०१६ पासून देशांत यूपीआयची पद्धत सुरू झाली, आणि आतां भाजीच्या टोपल्यांजवळ ठिपक्यांची चौकोनी पाटी व तिच्या शेजारीं एक लहानशी बोलकी पेटी दिसते. गिऱ्हाईक आपला मोबाईल पाटीवर रोखतें, रक्कम विक्रेत्याच्या खात्यांत जमा होते आणि इतके रुपये मिळाले असें ती पेटी मराठींत सांगते. हा व्यवहार कांहीं सेकंदांचा. परंतु तो बिनचूक होण्यासाठीं किती प्रकारचीं माणसें खपत असतात तें पाहावें. कोड लिहिणारे तर हवेतच. पण विक्रेत्याचे हात ओले असतात, भोंवतीं गलका असतो, मोबाईल काढून वाचण्यास त्यास फुरसत नसते, म्हणून त्यास लिहिलेल्या अक्षरांपेक्षां आवाज अधिक उपयोगी, हें कोणास तरी आधीं ओळखावें लागतें. पैसे खात्यांतून गेले पण पेटी बोललीच नाहीं, किंवा एकाच रकमेची घोषणा दोनदां झाली, तर काय होतें, हें कोणास तरी मुद्दाम करून पाहावें लागतें. पेटीचें मराठी वाक्य शुद्ध व स्पष्ट आहे कीं नाहीं हें कोणी तरी ठरवितो. कोणी तरी गाळ्यावर जाऊन ती पेटी बसवितो व विक्रेत्यास समजावून देतो. पेटी बंद पडली म्हणजे दूरध्वनीवर तक्रार घेणारा निराळा, आणि दिवसअखेर बँकांच्या खात्यांचा ताळा जुळविणारा आणखी निराळा. ह्या सात कामांपैकीं कोड लिहिण्याचें प्रावीण्य पहिल्यासच अत्यावश्यक आहे. उरलेल्या सहांना संगणकाची समज पाहिजे, तें काम ज्या व्यवसायाचें आहे त्याची माहिती पाहिजे, आणि नीटनेटकेपणा पाहिजे.

पुण्यांतील दोन उदाहरणें

मंडईहून पायीं जातां येईल इतक्या अंतरावर मंगळवार पेठ आहे. सातारा जिल्ह्यांतील रहिमतपूर भागाकडचे कैलास काटकर यांचें शालेय शिक्षण दहावीपर्यंत झालें. पुण्यांत कॅल्क्युलेटर दुरुस्त करण्याच्या दुकानांत दरमहा ४०० रुपयांवर त्यांनीं काम धरलें. पुढें मंगळवार पेठेंत त्यांनीं स्वतःचें दुरुस्तीचें दुकान काढलें. बँकांतून व कचेऱ्यांतून संगणक येऊं लागले तेव्हां त्यांची दुरुस्ती शिकून घेतली. आणि सन १९९३ मध्यें ‘कॅट कॉम्प्युटर सर्व्हिसेस’ हा व्यवसाय सुरू केला. दुरुस्तीस येणारीं यंत्रें व्हायरसनें बिघडलेलीं असत. त्यांचे धाकटे बंधु संजय काटकर हे संगणकशास्त्र शिकत होते. व्हायरस काढणारी आज्ञावली त्यांनीं लिहिली, आणि सन १९९५ मध्यें ‘क्विक हील’ बाजारांत आलें. सन २००७ मध्यें कंपनीनेंच तें नांव धारण केलें व फेब्रुवारी २०१६ मध्यें तिचे शेअर बाजारांत नोंदले गेले.

ह्या हकीकतींत दोन गोष्टी ध्यानांत घेण्यासारख्या आहेत. वडील बंधूंनीं कोड लिहिला नाहीं. परंतु यंत्रें कशानें बिघडतात, दुरुस्तीसाठीं पुन्हा पुन्हा कोण येतो व तो किती पैसे देण्यास तयार आहे, हें दुकानांत बसून त्यांस कळलें होतें. त्याबरोबरच हेंही खरें कीं, धाकट्या बंधूंचें शास्त्रीय शिक्षण नसतें तर नुसत्या दुकानदारीनें तें काम झालें नसतें. दोघांचें ज्ञान निराळें होतें व दोघांचीही गरज होती.

दुसरें उदाहरण ‘केपीआयटी’ ह्या कंपनीचें. तिच्या नांवांतील पहिलीं दोन अक्षरें कीर्तने आणि पंडित ह्या पुण्यांतील हिशेबतपासनिसांच्या पेढीचीं आहेत. सन १९९० मध्यें ही कंपनी निघाली ती हिशेबाचें काम जाणणाऱ्या माणसांच्या पेढीतून. वाणिज्य शाखेच्या मुलास संगणकाच्या धंद्यांत स्थान नाहीं असें म्हणणाऱ्यांनीं हें नांव आठवावें.

कामाचे प्रकार

नवशिक्यास जीं कामें मिळण्याजोगीं आहेत, त्यांचें वर्णन क्रमानें करितों.

(१) *तपासणी, म्हणजे टेस्टिंग.* सात-बारा उताऱ्यांचें संगणकीकरण झालें तेव्हां गांवोगांवीं चावडीवाचन झालें हें वाचकांस स्मरत असेल. हस्तलिखित उतारा व संगणकांतील उतारा ताडून पाहण्यांत आले. कोठें वारसाचें नांव गळलें होतें, कोठें क्षेत्र चुकलें होतें, कोठें इतर हक्कांतील बोजा राहून गेला होता. त्यानंतर १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा उतारा मिळूं लागला. चावडींत बसून ‘आमच्या गटाचें क्षेत्र चुकलें आहे’ असें दाखविणाऱ्या शेतकऱ्यास आज्ञावली लिहितां येत नव्हती. पण त्यास आपलें शेत माहीत होतें. टेस्टिंगचें काम मुळांत हेंच आहे. आज्ञावलीनें काय करावयास हवें होतें, तिनें प्रत्यक्ष काय केलें, आणि कोणत्या पायऱ्यांनीं गेलें असतां चूक पुन्हा दिसते, हें दुसऱ्यास निःसंशय कळेल अशा भाषेंत लिहावयाचें. ‘चालत नाहीं’ एवढेंच लिहिणारा तपासनीस निरुपयोगी. ह्या विषयाची आयएसटीक्यूबीची प्राथमिक परीक्षा असते. ती उपयोगी आहे, पण तिच्यापेक्षां नीट लिहिलेल्या चुकांच्या दहा नोंदी अधिक बोलतात. हेंही सांगितलें पाहिजे कीं, नुसत्या हातानें तपासण्याचें काम कमी होत चाललें असून तपासणीही आज्ञावलींकडून करवून घेण्याची रीत वाढत आहे. म्हणून ह्या दारानें आंत गेलेल्यानें वर्ष-दोन वर्षांत तेवढ्यापुरतें कोडाचें ज्ञान मिळविणें अवश्य आहे.

(२) *तयार प्रणाली बसविणें.* साखर कारखाने, दूध संघ, व्यापारी व कारखानदार हे आपला हिशेब व माल-नोंद तयार प्रणालींवर ठेवतात. ती प्रणाली विकत घेतल्यानें काम भागत नाहीं; जुन्या वह्या तींत उतरविणें, खात्यांचीं नांवें लावणें, कामगारांस शिकविणें व पहिल्या वर्षअखेरीस ताळेबंद जुळवून देणें हें माणसांचेंच काम आहे. केंद्र सरकारनें जून २०२२ मध्यें देशांतील ६३,००० प्राथमिक कृषि पतसंस्थांच्या संगणकीकरणाची २,५१६ कोटी रुपयांची योजना मंजूर केली. आपल्या गांवची विविध कार्यकारी सोसायटी ही त्याच वर्गांतली. कर्जखतावणी, मुदत, व्याजाची आकारणी व थकबाकी ज्यास कळते, त्यास ह्या प्रकारच्या कामांत शहरी मुलापेक्षां पुढें जातां येतें. वाणिज्य पदवीधरांस हें दार सर्वांत सोपें.

(३) *मदत व शिकवण, म्हणजे सपोर्ट.* यंत्र किंवा प्रणाली अडली म्हणजे दूरध्वनीवर अथवा जागेवर जाऊन ती चालू करून देणें. सन २०२१ पासून ई-पीक पाहणी मोबाईलवरून शेतकऱ्यानेंच नोंदवावी अशी पद्धत आली, तेव्हां बांधावर उभें राहून समजावून देणाऱ्या माणसाची गरज किती होती हें सर्वांनीं अनुभविलें आहे. परदेशी गिऱ्हाइकांच्या कामांत पाळी रात्रीची असते व इंग्रजी बोलणें अस्खलित लागतें. काम कष्टाचें असलें तरी धंद्याची ओळख येथें लवकर होते, आणि नेटवर्क व यंत्रांच्या देखभालीकडे वळण्यास येथूनच वाट आहे.

(४) *माहितीचें व नकाशांचें काम.* नुसतें पाहून टंकन करणें ही आतां उपजीविका राहिली नाहीं असें स्पष्ट सांगावें लागतें. परंतु माहिती स्वच्छ करणें, तिचे तक्ते मांडणें, एसक्यूएल ह्या भाषेनें साठ्यांतून हवी ती नोंद काढणें, यांस मागणी आहे. एसक्यूएल ही पूर्ण अर्थानें प्रोग्रॅमिंग नव्हे. साधारण बुद्धीचा मुलगा दोन-तीन महिन्यांत तिच्यांत कामापुरता तयार होतो. भूगोल किंवा कृषि शाखेच्या विद्यार्थ्यास नकाशांचें काम जवळचें. सन २०२० मध्यें सुरू झालेल्या स्वामित्व योजनेंत गांवठाणांची मोजणी ड्रोननें झाली. अशा चित्रांवरून सीमा आंखणें व त्या तपासणें हें काम शिकण्यास क्यूजीआयएस ही प्रणाली विनामूल्य मिळते.

(५) *गरज समजून घेणें.* ज्याच्यासाठीं प्रणाली करावयाची त्याच्याकडून त्याच्या कामाची सर्व रीत समजून घेऊन ती कोड लिहिणाऱ्यांस लिहून देणारा तो बिझनेस अॅनालिस्ट. द्राक्षबागाइतदारांस ‘ग्रेपनेट’ माहीत आहे. युरोपांत जाणाऱ्या द्राक्षांचा माग थेट बागेपर्यंत लागावा म्हणून अपेडा ह्या केंद्रीय संस्थेनें सन २००६ मध्यें ही प्रणाली आणली. बागेची नोंदणी, फवारणी, औषधांच्या अंशांविषयीं प्रयोगशाळेचा अहवाल, पॅकहाउस, निर्गत अशी ती सांखळी आहे. अशा प्रणालींत कोणता रकाना रिकामा राहूं द्यावयाचा नाहीं, आणि कोणता अहवाल आल्यावांचून पुढचें पाऊल अडवावयाचें, हें द्राक्ष न पाहिलेल्या माणसास सुचणें कठीण. मात्र हें काम पहिल्या दिवशीं मिळत नाहीं. वरीलपैकीं एखाद्या कामांत दोन-तीन वर्षें घालविल्यावर तें मिळतें. म्हणून जाहिरातींत ह्या पदाचें नांव पाहून लगेच हुरळून जाऊं नये.

(६) *लेखन व भाषांतर.* प्रणाली वापरण्याच्या पुस्तिका, सूचना, चुकीच्या वेळीं दिसणारीं वाक्यें हीं कोणी तरी लिहितो. भारतीय लिप्या संगणकावर आणण्याचें पुष्कळ काम पुण्यांतच, सन १९८८ मध्यें स्थापन झालेल्या सी-डॅक ह्या संस्थेंत झालें. मराठी व इंग्रजी दोन्ही भाषा स्वच्छ लिहिणाऱ्यास येथें थोडी पण कायमची जागा आहे.

काय व कसें शिकावें

कोड लिहितां न येणें निराळें व तो अजिबात न समजणें निराळें. पेरणी स्वतः न करणाऱ्या मालकासही जमीन वाफशावर आली कीं नाहीं हें ओळखतां आलें पाहिजे. नाहीं तर गडी सांगेल तें खरें मानावें लागतें. त्याचप्रमाणें वरील कोणत्याही कामांत शिरणाऱ्यानें शंभर ओळींची साधी आज्ञावली वाचून ती काय करते एवढें समजण्याइतकी तयारी केली पाहिजे. पायथन ही भाषा त्यासाठीं सोपी आहे.

शिकण्याचा क्रम पुढीलप्रमाणें ठेवावा. प्रथम मराठी व इंग्रजी टंकन आणि एक्सेल. एक्सेल म्हणजे नुसती बेरीज नव्हे, तर दोन तक्ते जोडून पाहणें व सारांश काढणें येथपर्यंत. त्याच वेळीं इंग्रजींत अर्ध्या पानाचें व्यवहारी पत्र बिनचूक लिहिण्याचा सराव. नंतर संगणक, नेटवर्क व माहितीसाठा यांची रचना, मग एसक्यूएल, शेवटीं वर सांगितलेलें कोडाचें वाचन. रोज दोन तास दिले तर सहा ते आठ महिन्यांत एवढें होतें, आणि सुगीच्या दिवसांत घरच्या कामास खंडही पडत नाहीं.

साधनें स्वस्त आहेत. सन २००१ मध्यें स्थापन झालेल्या महाराष्ट्र ज्ञान महामंडळाचा एमएस-सीआयटी हा अभ्यासक्रम सन २००२ पासून चालू असून त्याचीं केंद्रें तालुक्यांच्या गांवीं आहेत. ती संगणकाची बाराखडी होय. तिच्यावर नोकरीची आशा धरूं नये, पण बाराखडी टाळूंही नये. दहावी झालेल्यांस औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत ‘कोपा’ हा एक वर्षाचा अभ्यासक्रम आहे. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठांतून घरीं राहून पदवी घेतां येते. केंद्र सरकारच्या ‘स्वयं’ ह्या व्यासपीठावर उत्तम प्राध्यापकांचे पाठ विनामूल्य ऐकावयास मिळतात. प्रमाणपत्र हवें असल्यास परीक्षेचें शुल्क तेवढें द्यावें लागतें.

नोकरी देणारा प्रमाणपत्राबरोबर हातचें काम पाहतो. तें काम घरांतच पडलेलें आहे. गेल्या पांच-सात वर्षांच्या कांद्याच्या किंवा भाजीच्या हिशेबपट्ट्या बहुतेक घरीं खिळ्याला टोंचलेल्या असतात. मुलास त्या एक्सेलमध्यें उतरविण्यास सांगावें. तारीख, बाजार, प्रत, वजन, भाव, हमाली, तोलाई, बारदान व गाडीभाडें असे रकाने करावे. उदाहरणार्थ, २० क्विंटल कांदा १,५०० रुपये भावानें गेला तर पट्टी ३०,००० रुपयांची होते. तींतून गाडीभाडें २,४००, हमाली-तोलाई ६०० व बारदान १,००० वजा जातां हातीं २६,००० उरतात, म्हणजे क्विंटलीं १,३०० रुपये. कांद्याला १,५०० चा भाव मिळाला असें आपण म्हणतों, तो वस्तुतः १,३०० चा असतो. अशा शंभर पट्ट्या मांडल्या म्हणजे कोणत्या महिन्यांत, कोणत्या बाजारांत व कोणत्या प्रतीच्या मालास निव्वळ किती पडलें, हें दिसूं लागतें. त्याच्या शेजारीं एका पानाचें टिपण लिहवून घ्यावें, कीं माहिती कोठून घेतली, कोणत्या पट्ट्यांत रकमा जुळत नव्हत्या व त्यांचें काय केलें. हें टिपण मुलाखतीस दाखविण्याजोगें होतें. आणि नोकरी नाहीं मिळाली तरी घरच्या शेतीस त्याचा उपयोग होतोच.

पैशाचा विचार

क्लासचे पैसे भरण्यापूर्वीं पालकांनीं कांहीं गोष्टी पक्क्या कराव्या. पहिली, मुलानें वरील फुकट किंवा स्वल्प खर्चाचीं साधनें तीन महिने तरी नेटानें वापरलीं आहेत काय? ज्याच्यानें तें झालें नाहीं, त्याच्यानें लाख रुपये भरूनही होण्याचा संभव थोडा. दुसरी, त्या क्लासच्या मागील वर्षाच्या विद्यार्थ्यांपैकीं चार-पांच जणांस प्रत्यक्ष भेटून ते आज कोणतें काम करितात तें विचारावें. भिंतीवरील छायाचित्रांवर विसंबूं नये. तिसरी, फी हप्त्यानें घेतात काय, व मध्येंच सोडल्यास काय परत मिळतें, हें लेखी घ्यावें. ‘फी आतां नको, नोकरी लागल्यावर द्या’ असें म्हणणाऱ्यांचे कागद विशेष बारकाईनें वाचावे. कित्येकदां तें मुलाच्या नांवावरचें कर्जच असतें.

नोकरीसाठीं अनामत, गणवेषाचे पैसे, लॅपटॉपचे पैसे किंवा ‘वरच्या साहेबांचे’ पैसे मागणाऱ्यास एक रुपयाही देऊं नये. खरी नोकरी देणारा पगार देतो, मागत नाहीं. कामाचा खोटा अनुभव दाखविणारीं प्रमाणपत्रें विकत मिळतात असें ऐकण्यांत येतें; तीं घेणें म्हणजे मुलाच्या गळ्यांत फास अडकविणें आहे. कंपन्या मागील नोकरीची चौकशी करितात, व खोटेपणा दोन वर्षांनीं उघडकीस आला तरी नोकरी जाते व नांवही जातें.

शहरांतील राहणीचा खर्चही धरावा. हिंजवडी किंवा खराडीस खोलीचें भाडें, खाणावळ व प्रवास भागवून पहिल्या वर्षीं घरीं पाठविण्यास क्वचितच कांहीं उरतें. म्हणून दीड वर्षाची बेगमी आधीं करावी. ती एखाद्या चांगल्या हंगामाच्या शिलकेंतून करावी. जमीन विकून किंवा पीककर्ज वळवून ह्या कामीं पैसा लावूं नये असें आमचें स्पष्ट मत आहे.

ह्या वाटेच्या मर्यादा

कोडाचें ज्ञान नसतां आंत जातां येतें हें खरें, पण तें कायमचें टाळून वर चढतां येतें असें नाहीं. ज्यास तें ज्ञान आहे त्यास पहिलाच पगार बहुधा अधिक मिळतो व बदलीच्या संधीही अधिक. शिवाय काळ बदलत आहे. नोव्हेंबर २०२२ मध्यें चॅटजीपीटी लोकांसमोर आलें, तेव्हांपासून कृत्रिम बुद्धिमत्तेचीं यंत्रें पत्र लिहितात, प्रश्नांस उत्तरें देतात, भाषांतर करितात, व कोडही लिहितात. ह्याचा पहिला धक्का, ठरीव वाक्यें वाचून दाखविणाऱ्यास व एका कागदावरचें दुसरीकडे उतरविणाऱ्यास बसत आहे. नवशिक्या कोड लिहिणाराही त्यांतून सुटलेला नाहीं.

परंतु यंत्राचें उत्तर शुद्ध भाषेंत असलें म्हणून तें खरें असतेंच असें नाहीं, आणि येथें जाणत्या माणसाची गरज उरते. सोयाबीनच्या पिशवीवर उगवणीचा टक्का छापलेला असतो. तरी शहाणा शेतकरी पेरणीपूर्वीं शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटांत ठेवतो व किती उगवले तें स्वतः मोजतो. छापील चिठ्ठीवर अविश्वास म्हणून नव्हे, तर नुकसान झालें तर तें आपलें होणार म्हणून. यंत्रानें काढलेला व्याजाचा आंकडा, वांटणीचा हिस्सा किंवा फवारणीचा सल्ला अशाच रीतीनें पडताळून पाहणारा माणूस पुढेंही लागेल. त्यासाठीं त्यास मूळ व्यवहार ठाऊक पाहिजे. शेतीच्या घरांत वाढलेल्या मुलास खातें, पट्टी, पाणीपाळी, सोसायटी, बाजार हे व्यवहार आपोआप कळलेले असतात. तें त्याचें भांडवल आहे, आणि तें लपविण्याचें कांहीं कारण नाहीं.

शेवटीं मुलाचा कल पाहावा. एक चूक सांपडेपर्यंत तास-दोन तास खुर्ची न सोडणारा, पाहिलेलें जसेंच्या तसें लिहिणारा, व न समजलेलें विचारण्यास न लाजणारा मुलगा किंवा मुलगी असेल, तर कोडाच्या भीतीनें त्यांस अडवूं नये. तसा कल नसेल, तर शेजारच्या मुलास नोकरी लागली एवढ्यावरून त्यास तिकडे ढकलूं नये. दूध, रोपवाटिका, फळप्रक्रिया, यंत्रदुरुस्ती हे मार्ग गांवाजवळच आहेत. ह्या दिवाळीनंतर घरांत हा प्रश्न निघालाच, तर क्लासचें माहितीपत्रक पुढें ओढण्याआधीं खिळ्यावरच्या पट्ट्या खालीं काढाव्या, व त्या मुलाच्या हातीं देऊन महिनाभर वाट पाहावी. महिन्यानंतर तक्ता पुरा होऊन आला, तर पुढचा खर्च करण्यास आधार मिळाला असें समजावें.